घरी बदललेले जळके ऑइल द्यायचे कोठे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेली अनेक वर्षे मी माझ्या छोट्या पेट्रोल मोटारीचे इंजिन ऑइल कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील घराच्या अंगणात स्वतःच बदलतो. उद्यमनगरासारखी कारखान्यांची वसाहत ज्या शहरात आहे तेथे पाना हातात घेणाऱ्याचे नवल वाटण्याचे कारण नाही, आणि आता मोबाइलवर पाहून तरुण मुलेही हे काम शिकू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र बाहेर काढलेल्या काळ्या तेलाचे पुढे काय करायचे, हे त्यांना कोणी सांगत नाही. हे पत्र त्यासाठीच आहे.

काम अवघड नाही; जपावे लागते ते दोन-तीन ठिकाणी. इंजिन पाच मिनिटे चालवून बंद केले की तेल पातळ होते आणि गाळासकट बाहेर येते. जमीन सपाट असावी, हँडब्रेक ओढलेला असावा आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही कधीही जाऊ नये. जॅक सरकला तर सावरायला क्षणही मिळत नाही, म्हणून भक्कम स्टँड हवेच. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनलाच चिकटून राहते. ती न पाहता वर नवा फिल्टर बसवला, तर नवे तेल थोड्याच वेळात रस्त्यावर सांडते. ड्रेन बोल्टचा, म्हणजे तेल काढण्यासाठी इंजिनच्या तळाशी असलेल्या बोल्टचा, वॉशर नवा घालावा आणि तेल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच वापरावे. हातमोजे वापरणेही गरजेचे आहे, कारण वापरलेल्या तेलाचा वर्षानुवर्षे कातडीशी संबंध आला तर त्वचेच्या कर्करोगाचा धोका असतो.

एवढे झाल्यावर तसराळ्यात सुमारे ३ ते ३.५ लिटर काळे तेल उरते. काही जण ते सेंट्रिंगच्या फळ्यांना किंवा वाळवी लागू नये म्हणून लाकडाला लावतात, काही जण जाळतात, आणि बरेच जण सरळ गटारात ओततात. मंगळवार पेठेसारख्या भागातील गटार शेवटी जयंती नाल्याला मिळते. नाल्याचे पाणी अडवून उपशाने कसबा बावड्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे नेले जाते हे खरे. पण तेथील प्रक्रिया मैल्यावर जगणाऱ्या जिवाणूंच्या बळावर चालते आणि तेलाचा तवंग त्या जिवाणूंचा प्राणवायूच तोडतो. पावसाळ्यात नाला ओसंडला की तोच तवंग थेट पंचगंगेत उतरतो, आणि खाली नृसिंहवाडीपर्यंतची गावे याच नदीच्या काठावर आहेत.

वास्तविक हे तेल निकामी झालेले नसते, ते केवळ मळलेले असते. शुद्ध करून त्यापासून पुन्हा वंगण तयार करता येते. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते, आणि १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. परंतु या साखळीत घरी तेल बदलणाऱ्या माणसाला धरायला कडी नाही. एकदा मी भरलेला कॅन घेऊन तीन ठिकाणी फिरलो. दोन ठिकाणी नकार मिळाला आणि शेवटी एका ओळखीच्या गॅरेजवाल्यांनी तो आपल्या पिंपात रिकामा करून घेतला. ज्याची अशी ओळख नाही त्याने काय करावे?

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये घरगुती घातक कचऱ्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक संकलन केंद्र सांगितले होते. आपल्या शहराचे क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे त्या हिशोबाने किमान चार केंद्रे होतात. महापालिकेची विभागीय कार्यालयेही चारच आहेत. प्रत्येक कार्यालयाच्या आवारात झाकणाचे एक पिंप ठेवून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पाठवण्याची व्यवस्था करावी आणि त्या जागेची माहिती कचरा गोळा करणाऱ्या टिपरवरील ध्वनिक्षेपकावरून सांगावी, अशी माझी विनंती आहे. ऑइल विकणाऱ्या दुकानदारांनी विकले तेवढे जुने तेल परत घेतले, तर काम आणखी सोपे होईल.

तोवर घरी ऑइल बदलणाऱ्यांनी जळके तेल नव्या ऑइलच्याच रिकाम्या कॅनमध्ये घट्ट बंद करून मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे. त्यात कूलंट, ब्रेक ऑइल किंवा पेट्रोल अजिबात मिसळू नये, कारण भेसळ झालेले तेल शुद्धीकरणासाठी घेतले जात नाही. जुना फिल्टरही रात्रभर उपडा ठेवून निथळून घ्यावा. पावसाळ्यापूर्वी गाड्यांची सर्व्हिसिंग करून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे, तेव्हा ही पिंपे मृगाच्या आधी बसावीत.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर