बाबा, तो पंप भंगारात देऊ नका

वाळपई,
रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि हे अर्धवट ऐकून चालणार नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. आई, चष्मा लावून सावकाश वाचून दाखव. जेट, फ्लोट असले शब्द आले तरी अडू नकोस, बाबांना ते कळतात.

आमच्या फुटबॉल मैदानावरची गवत कापायची गाडी चालू झाली. एका हॉटेलाने काढून टाकलेली, वर बसून चालवायची, ती. मागच्या मे महिन्यात तुम्ही आलात तेव्हा बाबा तिच्या सीटवर बसले होते. साडेसतरा हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन इंजिन आहे. आमच्या सत्तरी तालुक्यात गवत सगळ्यात जोमाने वाढतं ते पावसात, आणि नेमकी तेव्हाच ही गाडी मैदानात घालता येत नाही, चाकं रुततात. त्यामुळे जूनपासून ती चिऱ्याच्या खोलीत ताडपत्रीखाली उभी होती. टाकीत पेट्रोल तसंच. ती चूक माझी.

दसऱ्यानंतर बाहेर काढली तर चोक ओढल्याशिवाय पेटेना. पेटली की घूंऽऽ करून रेस वर जायची, पडायची, पुन्हा वर जायची. मुलं म्हणाली, इंजिन गेलं. मला मात्र बाबांचा कुळागरातला रॉकेलवर चालणारा पाण्याचा पंप आठवला. तोही असाच हेलकावे खायचा आणि बाबा लांबूनच म्हणायचे, "उपाशी आहे तो." पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की इंजिन पडायला लागतं, वेग सांभाळणारा गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, रेस चढते, गव्हर्नर पुन्हा आवळतो. चोक अर्धा ओढला की हवा कमी होऊन गाडी नीट चालत होती. म्हणजे दोष पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्येच.

खोलायच्या आधी गव्हर्नरच्या स्प्रिंगा आणि तारा कुठल्या भोकात आहेत त्याचे फोटो काढले. बाबा कागदावर चित्र काढायचे, तसंच. बोल्ट इंची निघाले. इथल्या दुकानातले मिलिमीटरचे पाने त्यांच्यावर घसरत होते. लग्नानंतर बाबांनी दिलेली इंची पान्यांची कॅनव्हासची गुंडाळी आठ वर्षं कपाटात होती, ती काढली. अर्ध्या इंचाचा पाना असा बसला की जराही हलेना. शेजारचे काका दारात उभं राहून विचारत होते, "बाय, जातलें मगो तुज्यान?" मी म्हटलं, जातलें, जमेल मला.

फ्लोटची वाटी काढली. तळाशी पाण्याचे थेंब, त्याखाली ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पूड आणि कडेला पिवळट डिंक. बाबा, तुमच्या वेळच्या पेट्रोलला हे दुखणं कमी होतं. आता पेट्रोल पंपावर मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी पुरेसं झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाला बसतं. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात त्याला आणखी काय हवं?

मेन जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला पितळी तुकडा, दिव्यासमोर धरला तर उजेड आरपार येत होता, पण भोक गोल नव्हतं, चंद्रकोरीसारखं होतं. आयडलचा बारीक जेट तर पूर्ण बंद. आधी हाताला सुईच लागली होती, पण ठेवून दिली. लहानपणी मी पंपाच्या जेटमध्ये आईची सुई घातली होती तेव्हा बाबा पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्यावर ओरडले होते, कारण पोलादाने पितळेचं भोक मोठं होतं आणि मग तो जेट कायमचा गेला. म्हणून जुन्या वायरीतली तांब्याची एकच तार सोलून घेतली. रात्रभर क्लीनरमध्ये भिजवलं, सकाळी चष्मा लावून स्प्रे मारला, एका भोकातून मारला की दुसऱ्यातून कारंजं येईपर्यंत. इमल्शन ट्यूबच्या बाजूची सगळी भोकं एकेक करून मोकळी केली. आई, सुटे भाग तुझ्या ॲल्युमिनियमच्या परातीत ठेवले होते. त्या परातीत आता पीठ मळत नाही, काळजी करू नकोस. पेट्रोलचं कामही सगळं अंगणात केलं.

फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणाऱ्या नीडलच्या टोकाला गोल खाच पडली होती, म्हणजे ती पेट्रोल अडवत नव्हती. मग डिपस्टिक काढून वास घेतला. ऑइलला पेट्रोलचा वास, आणि पातळी खुणेच्या वर! तसंच चालवलं असतं तर पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग गेलं असतं. सगळं ऑइल बदललं. किट मागवलं, त्यात नवी नीडल, सीट आणि पॅकिंग. वाटीचं जुनं रबर फुगून खाचेत बसतच नव्हतं. कार्ब्युरेटर उलटा धरून फ्लोट बॉडीला समांतर आहे ना, ते तीनदा पाहिलं. वाटीच्या तळाला बोल्टसारखा एक सोलेनॉइड असतो, चावी बंद केली की तो मेन जेट बंद करतो. चावी फिरवल्यावर त्याचा "टक्" असा आवाज आला तेव्हा मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या फेरीला पेटली. चोक पूर्ण आत, रेस एकसारखी. संध्याकाळी अर्धं मैदान कापून झालं, मुलं मागे मागे धावत होती.

पण एक गोष्ट राहिली आहे, आणि ती बाबांना विचारल्याशिवाय होणार नाही. थ्रॉटलच्या शाफ्टला प्ले आहे. आयडलवर असताना शाफ्टच्या कडेला थोडा स्प्रे मारला की आवाज बदलतो, म्हणजे तिथून हवा आत जाते. बाबा, तुम्ही पंपाच्या कार्ब्युरेटरला बुश मारलं होतं ना, शाफ्टच्या झिजलेल्या भोकात नळी बसवून? भोक किती मोठं केलं होतं, आणि ते वाकडं जाऊ नये म्हणून काय केलं होतं? मला फक्त एवढं आठवतं की तुम्ही शाफ्ट फिरवून कान लावून ऐकत होता.

दादा म्हणाला की गोठ्यामागचा तो पंप तुम्ही भंगारवाल्याला द्यायला सांगितलाय. हात थरथरतात, आता कोण खोलणार, असं म्हणालात म्हणे. कृपा करून देऊ नका. दिवाळीला मी कुडाळला येते आहे, हा कार्ब्युरेटर पिशवीत घालून आणते. गाडी चार दिवस उभी राहील, मी क्लबला सांगितलं आहे. स्क्रू मी फिरवेन, दादाच्या लेकालाही शेजारी बसवू. तुम्ही खुर्चीत बसून सांगा कुठे थांबायचं. तुमच्या पंपाचं बुश उघडून दाखवलंत तरच मला हे जमेल.

आई, येताना खतखत्यासाठी तिरफळं आणते. बाबांच्या कानाच्या डॉक्टरांची तारीख माझ्या सुट्टीतच घे.

तुमची,
बेबी