दोन हेल्मवरून (बोट चालवायच्या दोन जागांवरून) किकर मोटर चालवायच्या तुमच्या किटबद्दल गंभीर तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा आणि डिझाइन विभाग

विषय : वरच्या हेल्मवरून स्टार्ट केल्यावर मोटर गिअरमध्येच सुरू झाली

नमस्कार,

याआधी मी तुम्हाला दोनदा फोन केला आणि एक ईमेल टाकला. फोनवर मिळालेला सल्ला चुकीचा निघाला आणि ईमेलचं उत्तर अजून आलं नाहीये, म्हणून आता सगळं बैजवार लिहून पाठवतोय. पत्र लांबलंय पण प्लीज पूर्ण वाचा आणि जो माणूस या किटचं वायरिंग ठरवतो त्याच्या हातात द्या, नुसतं "किट बदलून देतो" म्हणून तक्रार बंद करू नका, कारण दुसरं किट पण असंच असणार.

माझ्या बोटीला मेन इंजिन आहे आणि शेजारी ब्रॅकेटवर 9.9 एचपीची छोटी आउटबोर्ड, म्हणजे किकर. मेन इंजिन अगदी आयडलला ठेवलं तरी बोट गळ टाकून हळू फिरण्याच्या मानाने जास्तच पळते, मला दोन नॉटच्या आसपास स्पीड लागतो (एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किमी), तो किकरवरच नीट मिळतो. शिवाय मेन बंद पडलं तर घरी आणणारी तीच. मेन इंजिनला आधीपासून दोन हेल्म आहेत, एक खाली केबिनमध्ये आणि एक वर. किकरचं मात्र सगळं मागे जाऊन हातानेच करावं लागायचं, म्हणजे गिअर टाकायला हेल्म सोडून मागे पळा, परत येऊन स्टिअरिंग धरा, वारा असला की तेवढ्यात बोट फिरलेली असायची. स्टिअरिंगचा प्रश्न नव्हता, मेन आणि किकरमध्ये जोडरॉड आहे त्यामुळे कुठलंही चाक फिरवलं तरी किकर वळते. फक्त गिअर आणि थ्रॉटल दोन्ही ठिकाणी हवं होतं आणि तुमच्या किटवर ठळक लिहिलंय की एका किकरसाठी दोन स्टेशन (म्हणजे दोन हेल्म), सगळं सामान आत. म्हणून घेतलं.

मेकॅनिकल भाग चांगला आहे हे आधीच सांगतो. दोन सिंगल लिव्हर बॉक्स, शिफ्टसाठी (म्हणजे गिअरसाठी) एक डीएस युनिट (दोन्ही लिव्हरच्या केबल एकाच मोटरला जोडणारा भाग), थ्रॉटलसाठी एक, सगळं घट्ट आणि सफाईदार बसलं. ज्या स्टेशनचा लिव्हर गिअरमध्ये आहे तेच चालतं, दुसरं न्यूट्रलला थांबून राहतं, आणि स्टेशन बदलायचं तर आधी दोन्ही लिव्हर न्यूट्रलला आणायचे. हे बरोबर आहे आणि असंच असायला हवं.

आता झालं काय ते. त्या दिवशी खालून किकर चालवत होतो, धक्क्याजवळ आल्यावर चावीने मोटर बंद केली पण लिव्हर पुढच्या गिअरमध्येच राहिला. चूक माझी, मान्य आहे. नंतर वर गेलो, वरचा लिव्हर न्यूट्रलला होता, बघितला, हात लावून पण बघितला. धाकटा भाऊ मागे किकरच्या अगदी शेजारी वाकून दोरी गोळा करत होता. वरची चावी फिरवली आणि मोटर सुरू झाली ती सरळ पुढच्या गिअरमध्ये. किकरचा पंखा हाय थ्रस्टवाला, मोठा आहे, आयडललाच बोटीला हिसका बसला, भावाचा गुडघा ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या भिंतीवर) आपटला आणि अर्धा माणूस बाहेर लोंबकळला. एका हाताने रेलिंग सापडलं म्हणून वाचला. पंखा त्याच्या दुसऱ्या हातापासून वीतभर लांब फिरत होता. मी चावी बंद केली तोपर्यंत दोन-तीन सेकंद गेले असतील, पण ते सेकंद मला अजून रात्री आठवतात आणि त्याचा गुडघा महिनाभर सुजलेला होता.

घरी येऊन तुमचा वायरिंगचा कागद उघडून बसलो. माझ्या मोटरवर न्यूट्रल स्विच (गिअर न्यूट्रलला असेल तरच स्टार्टर फिरू देणारा) मोटरमध्ये नाही, कंट्रोल बॉक्समध्ये आहे. तुमच्या किटमध्ये खालची चावी खालच्या बॉक्सच्या न्यूट्रल स्विचमधून सोलेनॉइडला (स्टार्टरला करंट देणाऱ्या स्विचला) जाते आणि वरची चावी वरच्या बॉक्सच्या न्यूट्रल स्विचमधून त्याच सोलेनॉइडला. म्हणजे प्रत्येक चावी फक्त स्वतःच्या लिव्हरला विचारते. पण दोन स्टेशन आले की एक लिव्हर न्यूट्रलला आहे म्हणजे गिअर न्यूट्रलला आहे असं राहतच नाही, गिअर दुसऱ्या लिव्हरने टाकलेला असू शकतो, तुमच्याच डीएस युनिटचं कामच ते आहे! मग वरचा स्विच खुशाल सांगतो सगळं ठीक आहे, आणि मोटर गिअरमध्ये सुरू होते. लिव्हर विसरणारा माणूस जगात असतो म्हणूनच तर न्यूट्रल स्विच बनवला ना.

बरोबर काय पाहिजे ते पण लिहितो. दोन्ही चाव्यांच्या स्टार्ट वायर आधी एकत्र याव्यात, मग ती वायर खालच्या न्यूट्रल स्विचमधून जावी, तिथून वरच्या न्यूट्रल स्विचमधून, आणि मग सोलेनॉइडला. दोन्ही लिव्हर न्यूट्रलला असतील तरच स्टार्टर फिरेल, चावी कुठलीही असो. त्याहून चांगलं म्हणजे स्विच लिव्हरवर नकोच, मोटरच्या शिफ्ट लिंकेजवर द्या, म्हणजे खरा गिअर कुठे आहे तेच कळेल. हे मी स्वतः केलं असतं पण त्यासाठी बॉक्स उघडून लूम (वायरांचा तयार जुडगा) कापावा लागतो आणि तुमच्या वॉरंटी कार्डवर लिहिलंय की लूम कापला तर वॉरंटी संपली. मग ग्राहकाने करायचं काय?

आता फोनचं. पहिल्या फोनवर तुमच्या टेक्निकल माणसाने न्यूट्रल स्विच "तपासून सांगतो" म्हणून विषय संपवला. दुसऱ्या फोनवर मी किल स्विचचं (अंगाला बांधलेली दोरी निघाली की मोटर बंद करणाऱ्या स्विचचं) विचारलं, कारण किटमध्ये दोरीवाला किल स्विच एकच आलाय, खालच्या बॉक्सला, आणि वर उभा असलेला माणूस पाण्यात पडला तर मोटर बंद कशाने होणार? तो म्हणाला वेगळा किल स्विच विकत घ्या आणि दोन्ही एकामागून एक जोडा, सिरीजमध्ये. मी तसं केलं. नशीब की समुद्रात जायच्या आधी धक्क्याला दोन्ही दोऱ्यांनी बांधून, न्यूट्रलला ठेवून टेस्ट केली. वरची दोरी ओढली, मोटर चालूच. खालची ओढली तेव्हा बंद झाली. माझ्या मोटरचा किल स्विच दोरी निघाली की स्टॉप वायर अर्थला टेकवतो, त्यानेच इग्निशन बंद होतं. असे दोन स्विच सिरीजमध्ये लावले तर दोन्ही दोऱ्या निघाल्याशिवाय वायर अर्थला पोचतच नाही. म्हणजे माणूस एकटा वर असेल आणि पडला, तर बोट त्याला सोडून निघून जाणार किंवा गोल फिरून त्याच्याच अंगावर येणार. असे स्विच पॅरलल लावायचे असतात, कुठलाही एक निघाला की मोटर बंद. मी नंतर तसे लावले आणि आता बरोबर चालतात. न्यूट्रल स्विच सिरीजमध्ये, किल स्विच पॅरलल, एवढ्या एका वाक्यासाठी तुमच्या मॅन्युअलमध्ये जागा नाही आणि फोनवरच्या माणसाला उलटं पाठ आहे. मला त्या माणसाची नोकरी घालवायची नाही, त्याला नीट शिकवा एवढंच म्हणणं आहे. आणि दोन्ही जागी क्लिप अडकवलेली असल्याशिवाय मोटर चालूच होत नाही म्हणून दोन दोऱ्या, दोन क्लिपा किटमध्येच हव्यात, वेगळ्या विकत घ्यायला लावू नका.

केबलबद्दल थोडक्यात. वरच्या स्टेशनसाठी मी वळणासकट 22 फूट माप कळवलं होतं, आली 20 फुटांची. ती बसवायला खांबाजवळ इतकं आवळून वळण घ्यावं लागलं की लिव्हर जड झाला, आणि अशा केबलला वळणाची त्रिज्या कमीत कमी 8 इंच तरी ठेवावी लागते. जड केबलमध्ये हाताचा थोडा जोर केबलमध्येच जिरतो, त्यात डीएस युनिटची थोडी ढिलाई, मग वरून टाकलेला गिअर कधी कधी पूर्ण बसतच नाही, मागून कटकट आवाज येतो. सगळी मिळून केबलची चाल 3 इंचाच्या आसपास, त्यातून थोडी गेली तरी फरक पडतो. अर्धवट बसलेल्या गिअरने आतले डॉग (गिअर अडकवणारे दाते) झिजतात आणि ते नवीन टाकायचे म्हणजे गिअरकेस उघडायची. ही केबल बदलून द्या, माप तुमच्याकडे ऑर्डरमध्ये आहे.

मला पाहिजे ते असं. दोन्ही न्यूट्रल स्विच सिरीजमध्ये येतील असा तयार लूम, वॉरंटी न घालवता बसवता येणारा, आणि त्याबरोबर दुसऱ्या किल स्विचचा सेट व 22 फुटांची केबल. मॅन्युअलमध्ये दोन स्टेशनचं पूर्ण वायरिंग चित्र टाका. आणि हे किट ज्यांनी ज्यांनी घेतलंय त्या सगळ्यांना आजच कळवा की लूम मिळेपर्यंत एकाच चावीने स्टार्ट करा आणि त्याआधी दुसरा लिव्हर न्यूट्रलला आहे ते स्वतः जाऊन बघा. पैसे परत दिलेत आणि बाकीच्यांना सांगितलं नाहीत तर माझी तक्रार मिटली असं मी मानणार नाही.

सध्या वरच्या चावीची स्टार्ट वायर सोलेनॉइडपासून काढून टेप मारून ठेवलीय, मोटर फक्त खालूनच सुरू करतो, आणि चावी फिरवायच्या आधी मागे कोणी नाही ना हे ओरडून विचारतो. पावतीची कॉपी, तुमच्या वायरिंगच्या कागदाचा फोटो आणि धक्क्यावरच्या टेस्टचा व्हिडिओ सोबत जोडलाय. व्हिडिओत वरची दोरी ओढल्यावर पण मोटर चालू असल्याचा आवाज स्पष्ट येतो, तो भाग नक्की ऐका. उत्तर लेखी द्या, फोनवर नको.

आपला,
तुमचा एक ग्राहक