पशुविकृतिशास्त्राच्या परिषदेत मूत्रपिंड आणि ससा हे विषय घ्यावेत

महोदय,

राज्यात पशुवैद्यकांची परिषद भरते तेव्हा वृत्तपत्रांतून उद्घाटकांची नावे आणि व्यासपीठाचे छायाचित्र प्रसिद्ध होते. परंतु सभागृहात कोणत्या रोगावर चर्चा झाली आणि त्यातून पशुपालकाने काय घ्यायचे, हे वाचकांपर्यंत सहसा पोहोचत नाही. पशुविकृतिशास्त्राच्या, म्हणजे मेलेल्या जनावराचे अवयव तपासून मृत्यूचे कारण शोधणाऱ्या शाखेच्या वाट्याला तर तेवढीही जागा येत नाही. काही देशांत या शाखेच्या परिषदांसाठी एखादा अवयव आणि एखादी प्राणिजात ठरवून घेतात आणि सगळी चर्चा त्यांभोवतीच ठेवतात. आपल्याकडे यापुढे होणाऱ्या परिषदेत मूत्रपिंडाचे आणि सशांचे रोग हे विषय घ्यावेत, अशी सूचना मी या पत्राद्वारे संबंधितांना करीत आहे. पशुसंवर्धन खात्यात पशुधन विकास अधिकारी म्हणून काम करताना या दोन्ही विषयांतील उणीव मला सतत जाणवत आली.

मूत्रपिंडाचा रोग जनावर जिवंत असताना ओळखणे अवघड असते. मूत्रपिंडाने गाळून बाहेर टाकायचा क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ रक्तात वाढलेला दिसतो, तोवर मूत्रपिंडाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग निकामी झालेला असतो. शहरातील कुत्र्या-मांजरांच्या रक्ताच्या तपासण्या होतात. गाय, शेळी, मेंढी यांच्या बाबतीत बहुतेक वेळा त्या होत नाहीत. त्यामुळे शवविच्छेदनाच्या टेबलावर, आणि नंतर सूक्ष्मदर्शकाखाली, जे दिसते तेच या जनावरांच्या मूत्रपिंडाविषयीचे खरे ज्ञान ठरते.

या ज्ञानाने काय साधते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच उपखंडातील आहे. १९९० च्या दशकात गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी राजस्थानातील भरतपूर येथे ही घट प्रथम नोंदवली. बऱ्याच तज्ज्ञांचा संशय एखाद्या विषाणूवर होता. उत्तर मिळाले ते पाकिस्तानातील पंजाब प्रांतात मृत गिधाडांची शवविच्छेदने करणाऱ्या पथकाला. त्या पक्ष्यांच्या यकृतावर आणि हृदयाच्या आवरणावर खडू कालवून फासावा तसा यूरिक आम्लाचा पांढरा थर साचला होता आणि मूत्रपिंडातील नलिकांच्या पेशी मरून गेल्या होत्या. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या २५ पैकी २५ गिधाडांत डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक सापडले आणि अन्य कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही ते सापडले नाही. गुरांना दुखण्यावर टोचलेले औषध, ते जनावर मेल्यावर त्याच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जात होते. भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मूत्रपिंडाच्या तुकड्यांचे मोल कळते.

पुढे २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटलीतले औषध गुरांना टोचणे चालू राहिले, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शनही ३ मिलिलिटरच्या एका मात्रेच्या वेष्टनातच विकण्याचे बंधन घालण्यात आले, आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व असेक्लोफिनॅक यांचा जनावरांसाठीचा वापर बंद झाला. मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक आम्ल ही गिधाडांना सुरक्षित औषधे उपलब्ध आहेत. रायगड जिल्ह्यातील म्हसळा-श्रीवर्धनच्या परिसरात आणि गडचिरोलीत गिधाडे टिकवण्यासाठी स्थानिक लोक व वनखाते मनापासून झटत आहेत. परंतु तेथे मेलेल्या प्रत्येक गिधाडाचे मूत्रपिंड तपासले गेले नाही, तर बंदी खरोखर पाळली जाते की नाही हे कशावरून ठरवायचे? या प्रश्नावर परिषदेत एक पूर्ण सत्र व्हायला हवे.

जनावराच्या मूत्रपिंडाने माणसाच्या धोक्याची सूचना आधीच दिल्याचे उदाहरणही फार जुने नाही. मार्च २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत पाळीव मांजरे आणि कुत्री मूत्रपिंड निकामी होऊन मरू लागली. तपासणीत त्यांच्या मूत्रपिंडातील नलिका गोलसर स्फटिकांनी तुंबलेल्या आढळल्या. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये प्रथिनांचे प्रमाण फुगवून दाखवण्यासाठी मेलामाइन मिसळले होते आणि त्याचा सायन्युरिक आम्लाशी संयोग होऊन ते स्फटिक बनले होते. पुढच्याच वर्षी चीनमध्ये तेच मेलामाइन बालकांच्या दूध भुकटीत निघाले. सुमारे तीन लाख मुले आजारी पडली आणि सहा बालके दगावली.

आता आपल्या माळरानावर येऊ. पावसाळ्याच्या तोंडी कोवळे गवत उगवले, किंवा कापणीनंतर धान्य सांडलेल्या रानात मेंढ्या बसवल्या, की आंत्रविषार होतो. वाघरीत, म्हणजे मेंढ्या कोंडण्याच्या जाळीत, सकाळी कोकरू मरून पडलेले असते, आणि तेही कळपातले सर्वांत धष्टपुष्ट. काल संध्याकाळपर्यंत उड्या मारत होते, असे मेंढपाळ सांगतो. आतड्यातील क्लॉस्ट्रिडियम जिवाणूचे विष रक्तात भिनून हा मृत्यू होतो. मूत्रपिंड लिबलिबीत होते, बोटाने दाबले तर त्याचा लगदा होतो, आणि तेच या रोगाचे लक्षण म्हणून विद्यार्थ्यांना शिकवले जाते. अडचण अशी की उन्हात काही तास पडून राहिलेल्या कोणत्याही मेंढीचे मूत्रपिंड कुजून मऊच लागते. म्हणूनच शवविच्छेदन लवकर होणे, मूत्राशयातील मूत्रात साखर आहे का हे पट्टीवर पाहणे, हृदयाच्या आवरणात पिवळसर पाणी व त्यात गोठलेल्या गाठी आहेत का हे बघणे आणि आतड्यातील द्रव प्रयोगशाळेत पाठवणे आवश्यक ठरते. एवढे केले तर उरलेल्या कळपाला लस द्यायची की दुसरेच काही करायचे, हे त्याच दिवशी ठरवता येते. प्रत्यक्षात पशुवैद्यक तेथे पोहोचेपर्यंत दुपार झालेली असते, आणि अंदाजावर टोचणी सुरू होते. मेंढपाळाचे वर्षाचे उत्पन्न त्या कळपावर असते, याचा विचार आपण गांभीर्याने करावा.

लेप्टोस्पायरोसिसचाही उल्लेख केला पाहिजे. २००५ च्या जुलैतील महापुरानंतर मुंबईने तो अनुभवला आणि कोकणातील भातशेती करणाऱ्यांना तो दर पावसाळ्यात ठाऊक आहे. त्याचे जंतू उंदरांच्या, गुरांच्या आणि कुत्र्यांच्या मूत्रपिंडातील नलिकांत तळ ठोकून राहतात व लघवीवाटे पाण्यात उतरतात. चांदीच्या क्षाराने रंगवलेल्या काचपट्टीवर ते काळे, मळसूत्री धागे होऊन दिसतात. मानवी आरोग्य विभाग आणि पशुवैद्यक यांनी ही काचपट्टी एकत्र पाहिली पाहिजे.

सशांचा विषय अनेकांना गौण वाटेल. मला तो तसा वाटत नाही. शहरांत मुलांसाठी ससे पाळले जातात, गावांत मांसासाठी ससेपालन होते आणि प्रयोगशाळांतही ससे असतात. असे असताना आपल्या दवाखान्यांत सशाकडे लहान कुत्रे समजून पाहिले जाते. त्यातून अनर्थ होतो. तोंडावाटे दिलेले अमॉक्सिसिलिन सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचा समतोल बिघडवून त्याचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडांवर सर्रास वापरले जाणारे फिप्रोनिल सशासाठी विषारी आहे. मूत्रपिंडाच्या बाबतीतही ससा वेगळाच आहे. बहुतेक सस्तन प्राणी आहारातील जादा कॅल्शियम आतड्यातच थोपवतात. ससा ते शोषून घेतो आणि नको असलेले मूत्रपिंडावाटे बाहेर टाकतो. त्यामुळे निरोगी सशाची लघवीसुद्धा गढूळ, पांढरट असते, आणि काही वनस्पती खाल्ल्यावर ती तांबूसही होते. लघवीत खरोखर रक्त आहे का हे पट्टीवर तपासल्याशिवाय अशा सशाला उपचार सुरू करणे योग्य नाही.

मान एका बाजूला वाकडी झालेला ससा बहुतेक पशुवैद्यकांनी पाहिलेला असतो. त्यामागे पाश्चुरेला जिवाणूमुळे कानाच्या आत झालेला संसर्ग असू शकतो, किंवा एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली हा अतिसूक्ष्म परजीवी असू शकतो. हा परजीवी मेंदू आणि मूत्रपिंड या दोन्ही ठिकाणी ठाण मांडतो. जुन्या संसर्गात मूत्रपिंडाच्या पृष्ठभागावर बारीक खळगे पडलेले दिसतात, आणि त्याची बीजे लघवीतून बाहेर पडून दुसऱ्या सशाला लागण होते. रोगप्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसांनाही त्याचा धोका आहे. मेलेल्या सशाचा मध्यकर्ण, मेंदू आणि मूत्रपिंड हे तीनही तपासले तरच कारण कळते आणि उरलेल्या सशांसाठी योग्य उपाय ठरवता येतो. ही तपासणी करायला सशाचा मालक जेवढा उत्सुक असतो, तेवढी आपली यंत्रणा तयार नसते, हे मी जबाबदारीने लिहितो.

सशांच्या रक्तस्रावी रोगाचीही माहिती परिषदेत दिली पाहिजे. हा विषाणूजन्य रोग १९८४ मध्ये चीनमध्ये प्रथम आढळला आणि काही वर्षांतच युरोपात पोहोचला; २०१० मध्ये फ्रान्समध्ये त्याचा नवा प्रकार निघाला. जुना प्रकार पिलांना सहसा वाचू देत असे, नवा त्यांनाही मारतो. यकृताच्या पेशी मोठ्या प्रमाणावर मरतात आणि मूत्रपिंडातील केशवाहिन्यांत रक्ताच्या सूक्ष्म गुठळ्या अडकतात. एका रात्रीत पिंजऱ्यामागून पिंजरे रिकामे होऊ लागले तर तो रोग मनात यायला हवा, आणि तो यायचा तर आमच्या पशुवैद्यकांनी त्या यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या काचपट्ट्या आधी पाहिलेल्या असल्या पाहिजेत.

या कामासाठी आपल्याकडे पाया आहे. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून उभे आहे. आज बरेलीजवळ इज्जतनगर येथे असलेल्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेची सुरुवात १८८९ मध्ये पुण्यातच झाली. नागपूरचे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आणि पुण्यातील औंधचा रोग अन्वेषण विभाग यांच्याकडे जाणकार माणसे आहेत. उणीव आहे ती तालुक्यातून नमुना नीट पोहोचण्याची आणि उत्तर परत येण्याची. खेड्यात शवविच्छेदन होते ते बहुधा विम्याचा दावा असेल तेव्हाच. त्या वेळी घेतलेला तुकडाही कित्येकदा चुकीच्या जागचा किंवा कुजलेला असतो. मूत्रपिंडाचा बाहेरचा आणि आतला असे दोन्ही थर येतील असा, जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचा तुकडा त्याच्या दहापट फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तो कुजू न देणाऱ्या दहा टक्के तीव्रतेच्या द्रावणात, टाकायचा असतो आणि बर्फात गोठवायचा नसतो. काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय असलेले शव मात्र मुळीच उघडायचे नसते. एवढी माहिती प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर असावी आणि प्रत्येक दवाखान्यात भरलेली फॉर्मेलिनची बरणी असावी, यासाठी फार मोठा निधी लागत नाही.

म्हणून आयोजकांना विनंती आहे की, परिषदेतील एक पूर्ण दिवस तालुक्यातील पशुधन विकास अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवावा, त्यांनी आणलेल्या तुकड्यांच्या काचपट्ट्या त्यांच्यासमोर सूक्ष्मदर्शकाखाली दाखवाव्यात आणि निदान मराठीत लिहून संबंधित पशुपालकाच्या हाती द्यावे. शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या आणि ससेपालन करणाऱ्या काही प्रतिनिधींनाही श्रोते म्हणून बोलवावे. पशुसंवर्धन आयुक्तालयाने विमा असो वा नसो, कळपात अचानक दोन-तीन जनावरे दगावल्यास मोफत शवविच्छेदन आणि ऊतितपासणी होईल असे परिपत्रक काढावे, आणि अहवाल किती दिवसांत मिळेल ते त्यातच नमूद करावे. आपल्या वृत्तपत्रानेही अशा परिषदेला वार्ताहर पाठवून उद्घाटनापलीकडचा वृत्तान्त, निदान कोणत्या जनावरात काय आढळले एवढा तरी, प्रसिद्ध करावा, ही नम्र विनंती.

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी,
सातारा जिल्हा