काकू, तुम्ही पप्पांना बायबल वाचून दाखवलंत

काकू, नमस्कार. समोर येऊन बोलायला लागलं की तुम्ही "असू दे गं, चहा घे आधी" म्हणून विषय बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितीय. मिरजेत परत आल्यापासून रोज वाटतंय की हे बोलून टाकावं, आणि रोज घसा दाटून येतोय.

मी केनियाला मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून निघाले तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळींनी निरोप समारंभ केला, शाल दिली, हार घातला, फोटो ग्रुपवर टाकले. "पप्पांची काळजी करू नकोस, आम्ही आहोत" असं कितीजण म्हणाले! नंतर पप्पांच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला, शुगरमुळं ऑपरेशन पुढं पुढं जात राहिलं, आणि त्यांना वाचता येईना, तेव्हा त्यातलं एक माणूस दाराशी आलं नाही. रविवारी गाडी पाठवतो म्हणणाऱ्यांनी फोन उचलायचं पण बंद केलं. मला याचं फार वाईट वाटलं आणि अजून वाटतंय, कारण ही माझी माणसं, एका टेबलावर प्रभुभोजन घेतलेली.

आणि आलात कोण, तर तुम्ही. गळ्यात तुळशीची माळ, रोज हरिपाठ म्हणणाऱ्या. डबा, औषधं, बँक, ते तर तुम्ही केलंतच, पण माझ्या मनाला सगळ्यात जास्त भिडलं ते रात्री नऊचं वाचन. पप्पा एकदा नुसते बोलून गेले की जेवण नाही मिळालं तर चालेल, पण वचन वाचल्याशिवाय झोप येत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही हात धुवून, पदराला पुसून त्यांचं ते जाडजूड बायबल मांडीवर घेतलंत. खूण म्हणून कॅलेंडरच्या कागदाची घडी घातलीत, ती अजून तशीच आहे. हबक्कूक, नहेम्या असली नावं आली की तुम्ही अडखळायच्या, मग पप्पा खुर्चीतून सांगायचे, आणि स्तोत्रं आली की तुमची चाल आपोआप हरिपाठाची व्हायची. पप्पा म्हणतात, इतक्या वर्षांत स्तोत्रसंहिता एवढी गोड कुणी वाचली नाही.

तिकडं तेव्हा साडेसहा वाजलेले असायचे. किसुमूच्या बाजूला, व्हिक्टोरिया सरोवराजवळ, विषुववृत्त अगदी जवळ आहे, त्यामुळं बारा महिने सूर्य साधारण त्याच वेळेला मावळतो. ओपीडी संपलेली, मी खोलीवर येऊन उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि सुकुमा विकीची पालेभाजी खात बसलेली असायची, कधी ओमेना, म्हणजे आपलं सुकटच समजा. रविवारी उपासना तीन तीन तास चालायची, "ब्वाना असिफिवे", म्हणजे प्रभूची स्तुती असो, म्हणून सगळे हात उंचावायचे आणि मीही त्यांच्यात मिसळून जायची. पण रोजच्या संध्याकाळी फार एकटं वाटायचं. त्या पट्ट्यात मलेरिया खूप. लहान मुलांना त्याची लस तिथं २०१९ पासून द्यायला लागलेत, तरी पावसाळ्यात आया तापानं फणफणलेली पोरं पाठीला बांधून पहाटेपासून बाहेर बसलेल्या असायच्या. एका दिवशी एक बाळ आमच्या हातातच गेलं. त्या संध्याकाळी मला प्रार्थनेला शब्दच फुटेना, देवावर रागच आला होता. घरी फोन लावला तर पप्पांनी स्पीकरवर ठेवला आणि तुमचं वाचन चाललेलं, तेविसावं स्तोत्र, मेंढपाळाचं. तुम्हाला माहीतच नव्हतं मी ऐकतीय. मी काही बोलले नाही, पूर्ण ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेले. माझी श्रद्धा त्या दिवशी टिकली ती तुमच्या आवाजावर.

आपल्या मिरजेला मिशन काही नवीन नाही. डॉक्टर वॉनलेस कॅनडातले, त्यांनी १८९४ मध्ये इथं दवाखाना काढला, पुढं तीसहून जास्त वर्षं सांभाळला, माझी आजी तिथंच नर्स होती. लहानपणापासून आम्ही त्यांच्या त्यागाच्या गोष्टी ऐकल्या. पण अशा लांब गेलेल्या लोकांच्या म्हाताऱ्या आईबापांना मागं कुणी बघितलं असेल, हे तुमच्यामुळं पहिल्यांदा डोक्यात आलं. कुणीतरी शेजारणीनं बघितलंच असणार. त्यांची नावं कुठंच लागलेली नाहीत. काकू, मी तिकडं जी सेवा केली त्यातली अर्धी तुमची आहे, हे मी उगाच म्हणत नाही.

आषाढीला तुम्ही रेल्वेनं पंढरपूरला गेलात तेव्हासुद्धा "आज रात्रीचं तू वाच" म्हणून सूनबाईला सांगून गेलात. चांगुलपणा कुणाच्या धर्मात बसतो ते विचारत बसणारे आपल्याकडं भरपूर आहेत. तुम्ही विचारलं नाही. पप्पांनी पण विचारलं नाही, उलट एकादशीला तुमच्यासाठी शेंगदाणे भाजून ठेवायला लागले.

पप्पांचं ऑपरेशन आता झालंय, चष्मा पण आलाय. तुमच्यासाठी तिकडून किटेंगेचं कापड आणलंय, निळ्यावर पिवळी मोठी फुलं आहेत, दोन पिशव्या आणि एक झबलं सहज होईल. उद्या घेऊन येतीय. या वेळी "असू दे गं" चालणार नाही, घ्यायलाच लागतंय.

तुमचीच,
समोरच्या घरातली सिस्टर