माळढोकाची शिकार थांबली, जमीन मात्र राहिली नाही

संपादक महोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

बिबट्या, रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्या उपद्रवाच्या बातम्या वाढू लागल्यापासून शिकारीवरील बंदी सैल करावी, परवाने देऊन शिकार पुन्हा खुली करावी आणि त्यातून येणाऱ्या पैशावर वन्यजीवांचे रक्षण करावे, अशी मागणी अधूनमधून केली जाते. तिला विरोध करणारे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा पुढे करतात आणि सगळा वाद बंदूक हवी की नको, एवढ्यावरच घुटमळत राहतो. सोलापूर जिल्ह्यातील माळाच्या कडेने राहणाऱ्या माझ्यासारख्याला हा वाद अपुरा वाटतो. आमच्याकडचा माळढोक हा गवताळ माळावरचा मोठा पक्षी कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत होता, त्याला मारणे हा गंभीर गुन्हा होता, त्याच्या नावाने अभयारण्यही होते. तरीही तो आमच्या डोळ्यांदेखत जवळजवळ नाहीसा झाला. तो का गेला, याचा विचार केल्याशिवाय शिकारीचा वाद कोणत्याच बाजूने पुढे जाणार नाही, असे मला वाटते.

शिकारीने माळढोकाची हानी केली नाही, असे मी म्हणत नाही. रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एकाच शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या काळात नगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. या पक्ष्याची मादी एका हंगामात बहुधा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर, हे लक्षात घेतले तर हा आकडा आजही मन विषण्ण करतो. पण त्याच आकड्यातून दुसरीही गोष्ट कळते. वीस वर्षे सतत मारूनही एका माणसाला एवढे पक्षी मिळत राहिले, तेव्हा दख्खनच्या पठारावर माळढोक किती असतील आणि त्यांना पोसणारा माळ केवढा असेल! मॅन्सफिल्डनंतरही हा पक्षी शतकाहून अधिक काळ टिकून राहिला. १९६९ मध्ये पक्षीतज्ज्ञ धर्मकुमारसिंहजींनी देशातील माळढोकांची संख्या सुमारे १,२६० असावी, असा अंदाज केला होता. आज ती दीडशेहूनही कमी मानली जाते आणि उरलेले बहुतेक पक्षी राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला आहेत. चोरटी शिकार काही काळ चालू राहिली हे खरे असले, तरी ही घसरण मुख्यतः शिकारबंदीच्या काळातच झाली आहे.

वाघाचे मात्र असे झाले नाही. २०२२ च्या गणनेत देशात ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला. शिकार थांबली, व्याघ्र प्रकल्प आला, पैसा आला, हे त्याचे श्रेय आहेच. परंतु ज्या जंगलात पूर्वी वाघाची शिकार होत असे, ते जंगल वनखात्याच्या ताब्यात होते आणि बंदीनंतरही ते जंगलच राहिले, ही गोष्ट आपण सहसा मोजत नाही. ताडोबात १९३५ मध्ये शिकारबंदी झाली आणि १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. कोल्हापूरच्या छत्रपतींचे दाजीपूरचे राखीव शिकारक्षेत्र १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य झाले आणि पुढे राधानगरी अभयारण्यात सामावले गेले. त्याच कोल्हापूर संस्थानात आफ्रिकेतून चित्ते आणून मोकळ्या रानात त्यांच्याकरवी काळविटांची शिकार केली जात असे. डोंगरातले दाट रान राखले गेले, पण अशी मोकळी राने सरकारदरबारी कोणालाच राखण्याजोगी वाटली नाहीत. झाड असेल तर ते जंगल आणि गवत असेल तर ती रिकामी जागा, हा समज इंग्रजांच्या महसूल व्यवस्थेपासून आजपर्यंत चालत आला आहे.

आमच्या सोलापूरजवळच्या नान्नज गावच्या माळाची कथा याच समजातून घडली. १९७० च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली येथे गवताचे काही पट्टे चराईपासून राखले गेले. पवना, मारवेल, कुसळी ही गवते वाढली, त्यात नाकतोडे आणि भुंगेरे वाढले आणि माळढोक तेथे वीण करू लागला. काळवीट, लांडगा, खोकड आणि धाविक पक्षी यांनाही आसरा मिळाला. काही हेक्टरांचे गवत नीट राखले तर काय होते, हे तेव्हा दिसले होते. त्यावरून पुढचे पाऊल म्हणून असे पट्टे गावोगाव वाढवायला हवे होते. त्याऐवजी १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतील ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र एकदम अभयारण्य म्हणून जाहीर झाले. हे क्षेत्र गोवा राज्याच्या दुपटीहून मोठे होते. त्यात शेते होती, गावे होती, बाजारपेठा होत्या, रस्ते होते. जमिनीच्या व्यवहारात आणि विकासकामांत अडचणी येऊ लागल्या आणि ज्या शेतकऱ्याच्या ज्वारी-भुईमुगात माळढोक पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त फिरत होता, त्याच शेतकऱ्याला हा पक्षी शत्रू वाटू लागला. अखेर क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. कागदावर एवढे मोठे आणि जमिनीवर एवढे तुटपुंजे संरक्षण दुसऱ्या कोणत्या प्राण्याच्या वाट्याला आले असेल, असे मला वाटत नाही. गेल्या काही वर्षांत नान्नजला माळढोक दिसलाच, तर एखाददुसराच दिसतो.

दरम्यान उजनी धरणाचे पाणी आले, कूपनलिका आल्या आणि ज्वारीच्या जागी ऊस, द्राक्ष व डाळिंब आले. सोनाका हे द्राक्षाचे वाण नान्नजचेच आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. दुष्काळात होरपळलेल्या माणसाने पाणी मिळताच बागायत केली, यात त्याला दोष देण्यासारखे काही नाही. खासगी शेतीत बदल होणे अटळ होते. प्रश्न आहे तो सार्वजनिक जमिनीचा, म्हणजे गायरानांचा, सरकारी माळांचा आणि वनखात्याकडील गवताळ तुकड्यांचा, कारण त्यांचे काय करायचे हे ठरवणे सर्वस्वी सरकारच्या हाती होते.

या जमिनींचे काय झाले? देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात गवताळ माळांचा मोठा भाग आजही पडीक म्हणूनच दाखवला जातो आणि एकदा तशी नोंद झाली की त्या जमिनीवर काहीही उभारणे म्हणजे तिचा सदुपयोग ठरतो. वनखात्याने स्वतः माळांवर खड्डे खणून ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, निलगिरी लावली. कोट्यवधी वृक्षांच्या लागवडीची उद्दिष्टे जाहीर झाली, तेव्हा उघडा माळ हीच सर्वांत सोयीची जागा ठरली. माळढोकाला दूरवरचे दिसणारी मोकळी जागा लागते; झाडांच्या रांगांत तो वीण करीत नाही. आता सौर ऊर्जा प्रकल्पांसाठी गावोगावच्या सरकारी आणि गायरान जमिनी घेतल्या जात आहेत. सौर ऊर्जेला माझा विरोध नाही. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळालीच पाहिजे. पण कोणत्या माळावर पॅनेल बसवायचे आणि कोणता माळ सोडायचा, हे ठरवताना त्या माळावर काय जगते आहे, याची पाहणी प्रत्येक वेळी आधी व्हायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी योजना आखण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्यानंतर अतिक्रमणांची चर्चा पुष्कळ झाली, परंतु राखलेल्या गायरानाचे पुढे काय करायचे, याचा विचार फारसा कोणी केला नाही.

माळ रिकामा नसतो, हे धनगर मेंढपाळांना आणि फासेपारधी समाजाला कोणी शिकवावे लागत नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याखाली अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. त्यांत शिकारीवर जगणारे पारधीही भरडले गेले. परवाना घेऊन हत्तीवरून शिकार करणारा साहेब प्रतिष्ठित आणि फासे लावून तित्तिर धरणारा पारधी गुन्हेगार, हा अन्याय आपण अजून पुरता धुऊन काढलेला नाही. तरीही अकोला-वाशीम भागात याच समाजातील लोकांनी गवताळ कुरणे राखून तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्याला आसरा दिला आहे. गवताची, विणीची आणि पायवाटांची जी माहिती त्यांच्याजवळ आहे, ती कोणत्याही खात्याच्या दप्तरात नाही. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला आणि गडचिरोलीतील मेंढा-लेखासारख्या गावांनी सामूहिक हक्क मिळवून जंगल सांभाळून दाखवले. माळरान मात्र बहुतांशी महसूल खात्याकडे असल्यामुळे त्या कायद्याचा आधार तेथे मिळत नाही.

परवाना देऊन शिकार खुली करावी म्हणणारे अमेरिकेचे उदाहरण देतात. तेथे १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील कर वन्यजीवांच्या रक्षणासाठी राज्यांकडे जातो, हे खरे आहे. पाकिस्तानच्या डोंगराळ भागात मारखोर या रानबोकडाच्या शिकारीसाठी परदेशी शिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या शुल्काचा ८० टक्के वाटा स्थानिक गावांना दिला जातो आणि त्यामुळे गावकरीच मारखोरची राखण करतात, हेही खरे आहे. मात्र या दोन्ही ठिकाणी प्राण्याला राहायला विस्तीर्ण रान शिल्लक होते. आपल्याकडे उद्या परवाने दिले, तर ते उसाच्या फडातल्या रानडुकराचे असतील आणि त्याला मारण्याची परवानगी आजही कायद्यातील अटींनुसार मिळू शकते. मारखोरच्या उदाहरणातून घेण्यासारखी गोष्ट बंदूक नसून गावाचा वाटा ही आहे. ज्या ग्रामसभा आपले गायरान गवतासाठी राखतील, विणीच्या महिन्यांत चराई थांबवतील, त्यांना त्या मोबदल्यात दरवर्षी ठरलेली रक्कम थेट मिळाली, तर नान्नजसारखे पट्टे पुन्हा तयार होऊ शकतील.

म्हणून शासनाला माझी विनंती आहे की, सोलापूर, अहिल्यानगर, पुणे, धाराशिव आणि बीड जिल्ह्यांतील गायरान व सरकारी माळांची गवताळ अधिवास म्हणून स्वतंत्र नोंद महसूल दप्तरात करावी आणि ती होईपर्यंत अशा जमिनी प्रकल्पांना किंवा वृक्षलागवडीला देऊ नयेत. नान्नज परिसरातील उघड्या वीजवाहिन्या भूमिगत कराव्यात. माळढोक जड असतो, त्याला समोरचे नीट दिसत नाही आणि उडताना तारा चुकवणे त्याला जमत नाही. जैसलमेर भागातील प्रजनन केंद्रांत आज माळढोकाची पिले वाढत आहेत आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातूनही एक पिल्लू जन्माला आले. ही पिले मोठी झाल्यावर त्यांना मोकळे सोडण्यासाठी जागा लागेल आणि तेव्हा महाराष्ट्राकडे ती तयार असावी, यासाठी गवत वाढवण्याचे काम येत्या पावसाळ्यापासूनच सुरू व्हायला हवे.

आपला विश्वासू,
एक वाचक, उत्तर सोलापूर