चाव्या तुमच्याकडंच राहू द्यात, मावशी

मावशी, नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवील. तिला म्हणावं, भराभर वाचू नकोस. तुम्हाला समोर बसून सांगायचं ते असं चारचौघांत लिहितेय, कारण आम्ही भाड्यानं देतो आणि तुम्ही सांभाळता त्या साताऱ्याच्या घरी उतरलेले पाहुणे 'घर किती स्वच्छ', 'मावशीकडं आल्यासारखं वाटलं' असं लिहून जातात आणि ते सगळं माझ्या नावावर जमा होतं. मी पुण्यात बसून फोन उचलते, तेवढंच माझं काम.

पहिला दिवस आठवला की अजून हसू येतं. मामंजी गेल्यापासून घर बंद होतं. मी येताना रूम फ्रेशनरचे तीन डबे घेऊन आले होते आणि कुलूप काढल्या काढल्या फवारत सुटले. तुम्ही उंबऱ्यातच थांबलात, नाकाला पदर लावलात आणि म्हणालात, "वैनी, ह्ये बिनआंघुळीचं अत्तर झालं."

मग कुणाला काही न विचारता बादली भरून घेतलीत. दोन्ही बाथरूमच्या जाळ्यांत, बेसिनमध्ये, मागच्या मोरीत दोन-दोन तांबे पाणी ओतलंत, खिडक्या सताड उघडल्यात आणि मला चहा ठेवायला पाठवलंत. चहा होईपर्यंत निम्मा वास गेलेला. जाळीखालच्या वाकड्या नळीत जे पाणी साचून राहतं तेच गटाराचा वास अडवून धरतं, आणि घर बंद राहिलं की ते आटून जातं, हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं. महाबळेश्वरच्या हॉटेलात पावसाळाभर मिटलेल्या खोल्या उघडताना तुम्ही ते कधीच शिकला होता. उरलेला निम्मा वास गाद्यांचा. तीन दिवस गच्चीत उन्हं खाऊन, काठीचा मार खाऊन त्या माणसात आल्या. भिंतीला टेकलेलं कपाट वीतभर पुढं ओढलंत तेव्हा मागं बुरशीचा हिरवा नकाशाच निघाला. कपाट अजून तिथंच आहे, वीतभर पुढं. पाहुण्यांना विचित्र दिसत असेल, दिसू दे.

सगळ्यात मोठा धडा मात्र तुम्ही झोपून दिलात. मी घर लखलखीत केलं होतं, फरशीत तोंड दिसत होतं. तुम्ही सरळ पलंगावर आडव्या झालात. मला वाटलं, दमल्या. तुमचं बोट वर गेलं. पंख्याच्या पात्यांवर काळी किनार, कोपऱ्यात जळमट. "पावना निजून बगतो, आपुन हुबं ऱ्हाऊन झाडतो." मग मलाही झोपवलंत, कमोडवर बसवलंत, अंधारात दिव्याचं बटण चाचपायला लावलंत. गिझरच्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका तेव्हाच लागला. मोबाईल चार्जिंगला लावायची सोय पलंगापाशी नाही, हेही तेव्हाच ध्यानात आलं.

एका बाबतीत मी तुमचं ऐकलं नाही. पांढऱ्या चादरी हव्यात यावर आपलं एकमत होतं. डाग लगेच दिसतो आणि काढायलाही सोपा. पण टॉवेल पांढरे नकोत, असं तुम्ही म्हणालात आणि मी हट्टानं तेच आणले. सप्टेंबरात पहिले पाहुणे आले, सकाळी धुक्यातनं कासला गेले, फुलं बघून भिजत परत आले आणि त्याच टॉवेलांना बूट पुसले! कासचं पठार जांभ्याचं. तो तांबडा चिखल कशानंही निघाला नाही. तुम्ही "मी म्हटलं व्हतं" असं एकदाही म्हणाला नाहीत. दुसऱ्या दिवशी पायरीशी गोणपाट, शेजारी पाण्याची बादली आणि जुन्या लुंगीची फडकी दिसली, बस्स. ते टॉवेल आता पोतेरी म्हणून वापरतो. पावसात काही वाळत नाही म्हणून प्रत्येक पलंगाला तीनाच्या ऐवजी चार जोड चादरी हव्यात, हा हिशोबही तुमचाच.

कागदपत्रांचं ह्यांनी बघितलं. पाहुण्यांची ओळखपत्रं, परदेशी माणूस उतरला तर 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवणं, ते सगळं. त्यात तुमचा हात नव्हता, तेवढंच एक!

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी मी दोन दिवस तुमच्याशी नीट बोलले नव्हते. बाहेरच्या खोलीतला मामंजींचा हार घातलेला फोटो काढायला तुम्ही सांगितलंत. "पोरंबाळं घिऊन सुट्टीला आल्याली माणसं. त्यांस्नी आपलं दुख कशाला दावायचं?" मला लागलं ते. ज्यांचं घर त्यांनाच भिंतीवरनं उतरवायचं? मी काही हात लावला नाही. शेवटी तुम्हीच स्टुलावर चढलात, फोटो पुसलात, सासूबाईंच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून कुलपाच्या खोलीत ठेवलात. मनात म्हटलं, झालं, घराचं लॉज झालं.

दिवाळीला आम्ही राहायला आलो, तर दार उघडताच समोर मामंजी. ताज्या झेंडूचा हार आणि खाली कंदी पेढा. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून आमच्यापैकी कुणी येणार असलं की फोटो भिंतीवर असतो, पाहुणे येणार असले की नऊवारीत. बुकिंगची वही माझ्याकडं असली तरी त्या घराचं येणं-जाणं तुम्हालाच ठाऊक.

घर लावून दिलंत त्या वेळचे पैसे तुम्ही अजून पूर्ण घेतलेले नाहीत. "बगू की" म्हणून टाळता. यंदा टाळायचं नाही. चाव्यांचा जुडगा परत करायचं मागं बोलला होतात, तेही मनातनं काढा. गणपती उठले की दुसऱ्या दिवशी पहिले पाहुणे आहेत, पाच माणसं, त्यातल्या आजींना गुडघ्याचा त्रास. त्यांना खालची खोली देऊ ना? आणि बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घ्यायची म्हणत होतात, ती बसवणारा माणूस तुमच्या ओळखीचा असेल तर सांगून ठेवा. मी चार दिवस आधी येते. गाद्या गच्चीत काढायला दोघी लागतो.

तुमची,
वैनी