सिगिरियाच्या पायऱ्या आणि निलावेलीचं पाणी

वडोदरा, १२ जून

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

एजंटने पाठवलेला श्रीलंकेचा कार्यक्रम नीट वाचला. आठ दिवसांत सगळं बेट कोंबलंय. मिरिस्साला देवमासे, श्रीपादाचं शिखर, कितुलगलाला राफ्टिंग, सिगिरिया, मिन्नेरियाचे हत्ती आणि शेवटी निलावेलीला स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क लावून, नळीने श्वास घेत, तोंड पाण्यात घालून तरंगणं. फोनवर हे सगळं धड सांगून होत नाही, म्हणून लिहिते. हे पत्र जपून ठेवा आणि तयारीला लागलात की पुन्हा वाचा.

तुम्ही ऑगस्टमध्ये निघताय, त्यामुळे आधी पावसाचं बघू. श्रीलंकेत पावसाळे दोन. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडचा पाऊस पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्याला झोडपतो. मधले डोंगर तो अडवतात आणि पूर्वेची बाजू कोरडी राहते. सह्याद्रीमुळे कोकणात धो-धो आणि देशावर उघडीप असते ना, अगदी तसंच. पूर्वेला खरा पाऊस ऑक्टोबरनंतर, फेब्रुवारीपर्यंत. म्हणजे ऑगस्टमध्ये मिरिस्साचा समुद्र खवळलेला असणार. तिथला देवमाशांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. श्रीपादाची यात्रा डिसेंबरच्या पौर्णिमेला सुरू होते आणि मेमधल्या वैशाख पौर्णिमेला संपते. बाकीच्या महिन्यांत त्या साडेपाच हजार पायऱ्यांवर दिवे नसतात, दुकानं बंद असतात आणि वर धुकं असतं. कितुलगलाला केलानी नदी पावसाने फुगलेली असते. ही तिन्ही ठिकाणं काढून टाकायला सांगा. सिगिरिया, मिन्नेरिया आणि निलावेली तिन्ही कोरड्या बाजूला आहेत. सिगिरियाहून निलावेली साधारण शंभर किलोमीटर. आठ दिवसांत एवढंच करा आणि मध्ये दोन दिवस पूर्ण रिकामे ठेवा.

राफ्टिंगचं आईने मनावर घेतलंय, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त. कोणतीही साहसाची गोष्ट ठरवताना मी एकच विचारते: अर्ध्यावरून परत फिरता येतं का? सिगिरियाच्या कातळावर येतं, वाटेतल्या शिल्पातल्या सिंहाच्या पंजांपाशी बसून राहिलं तरी चालतं. स्नॉर्केलिंगमध्ये येतं, डोकं वर काढलं की झालं. राफ्ट एकदा धारेला लागली की पुढचा धक्का येईपर्यंत तुमच्या हातात काही नसतं. श्रीपादाला परत फिरता येतं, पण गुडघे मोडतात ते उतरतानाच. म्हणून वयाच्या आकड्यापेक्षा हा प्रश्न मला जास्त खरा वाटतो. पुढे कधी फेब्रुवारीत गेलात आणि पाणी बेताचं असलं तर राफ्टिंग जरूर करा. फक्त दोन गोष्टी तेव्हा विसरू नका. वल्ह्याच्या वरच्या आडव्या मुठीवरचा हात सुटू द्यायचा नाही, कारण तीच मूठ शेजाऱ्याच्या दातांवर बसते. आणि पाण्यात पडलात तर उताणं होऊन पाय प्रवाहाच्या दिशेने वर धरायचे. वाहत्या पाण्यात उभं राहू बघायचं नाही. दगडांच्या फटीत पाऊल अडकलं की वरून येणारं पाणी माणसाला आडवं करतं.

आता सिगिरिया. पाचव्या शतकात कश्यप राजाने त्या कातळावर राजवाडा बांधला. भोवतालच्या रानातून खडक जवळजवळ २०० मीटर सरळ उठतो. पायऱ्या सुमारे बाराशे. खालची बाग सपाट आहे, मग दगडी पायऱ्या, मग भित्तिचित्रांकडे जाणारा लोखंडी गोल जिना, मग आरसाभिंत, आणि मग सिंहाचे दोन प्रचंड पंजे असलेलं मोकळं पटांगण. इथवर बरीचशी चढण झालेली असते. खरी परीक्षा यापुढे. खडकाला चिकटून लोखंडी जिने जातात, अरुंद, आणि पायऱ्यांच्या फटीतून खालचं दिसतं. आई, तुला उंचीवर गरगरतं, तर नजर पुढच्या माणसाच्या टाचेवर ठेव आणि खडकाच्या बाजूचा कठडा धर. मागचे लोक घाई करतील, करू देत. नाहीच जमलं तर पंजांपाशी बस. तिथूनही रान दिसतं.

सकाळी दार उघडतं तेव्हाच आत शिरा. नऊनंतर कातळ तापतो आणि जिन्यावर रांग लागते. उन्हात त्या रांगेत उभं राहणं चढण्यापेक्षा वाईट. माणशी पाऊण लिटर पाणी पाठीवरच्या सॅकमध्ये घ्या, हात मोकळे हवेत. खाण्याचं काही हातात धरू नका, माकडं हिसकावतात. माकडाने ओरबाडलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठायचा. खडकावर गांधीलमाशांची पोळी आहेत. 'शांतता राखा' असे फलक त्यासाठीच लावलेत. आरडाओरडा नको, भडक वासाचं अत्तर नको. चित्रांचे फोटो काढायला बंदी आहे, बाबा, मोबाइल खिशातच ठेवा. समोरच्या पिदुरंगला खडकावर जायचा आग्रह गाइड करेल. त्याला नाही म्हणा. शेवटी तिथे मोठाल्या शिळांवरून हातापायांनी चढावं लागतं आणि आईच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही.

तयारी आजपासून, आणि ती घरच्याच जिन्यावर. आपल्या इमारतीचे तीन मजले म्हणजे साठ पायऱ्या, वीस फेऱ्या म्हणजे एक सिगिरिया. पहिल्या आठवड्यात दिवसाला तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दर आठवड्याला एक-एक वाढवत दहावर या. त्यापुढे गरज नाही. चढताना बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की थांबा. उतरणंही मोजा. मांडीचे स्नायू उतरताना वजन झेलतात, त्यांना सवय नसली की गुडघ्यावर सगळा भार येतो. रविवारी सकाळी रालामंडलची टेकडी करा, नवे बूट घालूनच. बूट निघण्याआधी किमान तीन आठवडे वापरात हवेत आणि पायाची नखं आखूड हवीत, नाहीतर उतरताना अंगठा पुढे आपटून नख काळं पडतं. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळा दम, यातलं काहीही झालं तर फेरी तिथेच संपली आणि त्याच दिवशी डॉक्टर. 'गॅस असेल' म्हणून घरी बसायचं नाही.

डॉक्टरांकडे तसंही एकदा जायचंच आहे. बाबा, तुमच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी आहे. घामाने पाणी जातं त्यात तिची भर पडली की उठताना अंधारी येते. काही गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, त्यामुळे चढताना घड्याळावरच्या ठोक्यांवर विसंबता येत नाही. मनाने गोळी बंद करू नका. या हवेत मात्रा बदलायची का आणि ओआरएस तुम्हाला चालेल का, हे दोन प्रश्न कागदावर लिहून न्या.

तुम्ही म्हणाल, आम्ही इंदूरचा मे सोसतो, ही गरमी काय. पण मे महिन्यात आपला कूलर चालतो आणि पाऊस सुरू झाला की तोच कूलर घरभर चिकचिक करतो, हे आठवून बघा. शरीराचंही तेच आहे. कोरड्या हवेत घाम उडतो आणि अंग थंड होतं. दमट हवेत घाम नुसता ओघळतो, ताप आतच साठतो. समुद्रकाठी रात्रही गार होत नाही, आपल्या माळव्यासारखी संध्याकाळी वाऱ्याची झुळूक येईल म्हणून बसू नका. तिथे सकाळी साडेदहाच्या आत आणि दुपारी चारनंतरच बाहेर पडायचं. तहान लागायच्या आधी घोट-घोट पाणी. ओआरएसचं पाकीट मिळालं नाही तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त झालं तर उलट त्रास होतो, अंदाजाने टाकायचं नाही. घाम यायचा थांबला, बोलणं असंबद्ध झालं किंवा तोल जायला लागला तर तो उष्माघात. सावलीत झोपवून अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि १९९० ला फोन लावायचा. ती तिथली सरकारी रुग्णवाहिका, फुकट आहे. नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये आजच टाका.

मिन्नेरियाला काळजीचं फार नाही. तिसऱ्या शतकातल्या महासेन राजाने बांधलेला तो तलाव ऑगस्ट-सप्टेंबरात ओसरतो, उघड्या पडलेल्या तळाशी कोवळं गवत येतं आणि आसपासच्या रानांतले हत्ती कळपांनी तिथे उतरतात. जीप दुपारनंतरची घ्या. मागच्या चाकावरची सीट घेऊ नका, पाठीला सगळे धक्के तिथेच बसतात. हत्तीने चरणं थांबवून कान पसरले, पायाने माती उडवली की त्याला तुमची गाडी नकोशी झालेली असते. अशा वेळी ड्रायव्हरला 'अजून जवळ' म्हणू नका, मागे घ्यायला सांगा.

मला सगळ्यात जास्त लिहायचंय ते निलावेलीबद्दल. किनाऱ्यापासून सुमारे एक किलोमीटरवर पिजन आयलंड आहे. राष्ट्रीय उद्यान आहे, तिकीट काढून होडीने जायचं. सकाळचीच होडी घ्या, पुढे वारा उठतो आणि पाणी गढूळ होतं. उथळ पाण्यात प्रवाळ आहेत, कासवं दिसतात, काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क दिसतात. ते माणसाला काही करत नाहीत. प्रवाळावर उभं राहायचं नाही. तो जिवंत असतो, पावलाखाली मरतो, आणि त्याने कापलेलं लवकर भरत नाही. कापलंच तर पिण्याच्या पाण्याने खसखसून धुवा आणि अँटिसेप्टिक लावा.

आई, तुला पोहता येत नाही, तरी हे तुला करता येईल, पण लाइफ जॅकेट घालूनच. जॅकेट घातल्यावर सगळे पट्टे आवळ आणि बाबांना दोन्ही खांदे धरून वर ओढायला सांग. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, दुसरं माग. सुती पंजाबी ड्रेस भिजला की दगडासारखा होतो. पूर्ण बाह्यांचा, लवकर वाळणारा टी-शर्ट आणि लेगिंग घाल. ऊन पाठीवरच बसतं आणि पाण्यात ते कळत नाही.

मास्क तिथे भाड्याने घेऊ नका, इथून न्या. मापाचा मास्क ओळखायची रीत सोपी आहे. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवायचा, नाकाने हलकासा श्वास ओढायचा आणि हात सोडायचा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला तर कितीही पट्टा आवळा, पाणी येणारच. उलट जास्त आवळला की कडा दुमडते आणि जास्त पाणी येतं. बाबा, तुमच्या मिशीच्या केसांतून पाणी आत शिरेल. मिशी काढू नका, फक्त नाकाच्या लगेच खालची बोटभराहून कमी पट्टी बारीक कातरा, कडा तिथेच बसते. केसाची एक बट कडेखाली अडकली तरी मास्क गळतो, आईने अंबाडा नीट मागे बांधावा. काचेवर वाफ धरते त्याला बेबी शॅम्पूचा एक थेंब आतून चोळायचा आणि एकदा विसळायचा. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घेऊ नका. त्याच्या आत सोडलेला श्वास साठू शकतो आणि घाबरल्यावर तो पटकन काढता येत नाही.

सराव घरी करायचा. माळ्यावरचं घंगाळ काढा, पाणी भरा, स्टुलावर ठेवा. मास्क लावून, नळी दातांत धरून तोंड पाण्यात घाला. दात आवळायचे नाहीत, ओठांनी मिटायचं. नाक बंद झालेलं असतं, म्हणून पहिल्या मिनिटात गुदमरल्यासारखं वाटतं, ते सगळ्यांनाच वाटतं. श्वास तोंडाने, सावकाश, आणि बाहेर सोडणं आत घेण्यापेक्षा लांब. नळीतली जुनी हवा पूर्ण बाहेर जायला हवी म्हणून. भराभर उथळ श्वास घेतले की तीच हवा आत-बाहेर होते आणि धाप लागते. एका दमात पाच मिनिटं शांत जमायला लागली की तरणतलावात कमरेएवढ्या पाण्यात जा. तिथे दोन गोष्टी शिकायच्या. नळीत पाणी आलं तर 'फू' करून एका जोरात बाहेर फेकायचं. मास्कमध्ये आलं तर डोकं वर काढून मास्कची खालची कड जरा उचलायची, पाणी निघून जातं. दहा-दहा वेळा करा. समुद्रात पहिल्यांदा पाणी आत येतं तेव्हा हात आपोआप तेच करतात.

एक गोष्ट मी सौम्य करून लिहिणार नाही. स्नॉर्केलिंगमध्ये उतारवयातली माणसं दगावतात, तीही उथळ पाण्यात, आरडाओरडा न करता. श्वासाची ओढाताण आणि हृदयावरचा ताण एकत्र येतात. म्हणून पोहोचल्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. पोटभर जेवून उतरायचं नाही. दोघांनी हाताच्या अंतरावर राहायचं आणि मिनिटाला एकदा एकमेकांकडे बघायचं. हातपाय जड वाटले किंवा कारण नसताना धाप लागली तर डोकं वर, नळी तोंडातून बाहेर, उताणं व्हायचं आणि एक हात उंच हलवायचा. वीस मिनिटं झाली की होडीवर परत, मजा येत असली तरी.

किरकोळ दोन गोष्टी. प्रवासाचा विमा घेताना ब्लडप्रेशर लपवू नका आणि स्नॉर्केलिंग त्यात येतं का हे लेखी विचारून घ्या. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. डेंगी नाही हे ठरेपर्यंत ॲस्पिरिन, ब्रुफेन नको. बाबांना हृदयासाठी रोज ॲस्पिरिन असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

बाबा, तुमच्या चष्म्याचा नंबर दोन्ही डोळ्यांचा पाठवा. नंबरच्या काचांचा मास्क मिळतो, अर्ध्या-अर्ध्याच्या फरकाने, सिलिंडर, म्हणजे अस्टिग्मॅटिझमचा नंबर, त्यात येत नाही. ऑर्डर केला की पंधरा दिवसांत इंदूरला पोचेल आणि घंगाळातला सराव तुम्हाला त्याच मास्कने करता येईल. आईचा साधा चालेल. पण तिच्या चेहऱ्याची रुंदी हवी, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, शिवणाच्या टेपने मोजून कळवा.

तुमची लेक